दुसऱ्या टोकाचा गडी

आठवड्याचे सहा दिवस मी शेक्सपिअरच्या सेवेत असतो. सातवा दिवस खेळाडूंना वाहिलेला आहे. वाहिलेला म्हणजे पाहण्यात, खेळण्यात नव्हे. माझ्या गुडघ्यांनी माझ्याशी असहकार पुकारल्याला आता बरीच वर्षे झाली. प्राध्यापकाच्या धंद्याची अब्रू पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी एकट्याने इतकी राखून ठेवली आहे की, आम्हां बाकीच्यांना चिंता करण्याचे कारणच उरलेले नाही. ते संस्कृत शिकवीत आणि १९४४ साली, वयाची बावन्न वर्षे उलटल्यावर, रणजी करंडकाच्या एकाच सामन्यात दोन्ही डावांत त्यांनी शतके काढली. माझे वय त्याहून पाच वर्षांनी अधिक आहे आणि जिना चढताना मी कठड्याला धरतो. तेव्हा रविवारी दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, आरामखुर्ची पंख्याखाली आणावी, आणि जगाच्या पाठीवर कोठे ना कोठे कोणी ना कोणी धावत, पोहत वा झुंजत असेलच त्याच्याकडे स्वस्थ चित्ताने पाहत पडावे, हाच माझा व्यायाम. मे महिन्यात आमच्या चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, त्या दिवसांत तर घाम दुसऱ्याने गाळावा आणि आपण तो पाहावा, ही वाटणी मला फारच न्याय्य वाटते.

या माझ्या आवडीत एक खोड मात्र आहे. अटीतटीचे सामने पाहून इतरांना जो आनंद होतो, तो मला तितकासा होत नाही. माझे मन जडते ते अद्वितीयावर. तो मैदानात उतरला की स्पर्धा संपावी आणि नुसता सोहळा उरावा, अशा एखाद्या पुरुषोत्तमावर किंवा स्त्रीरत्नावर. डॉन ब्रॅडमनची कसोटी सामन्यांतील सरासरी ९९.९४ धावांची. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत त्याच्या खालोखाल जे येतात, ते साठीच्या आसपास घुटमळतात. मधली चाळीस धावांची जागा रिकामीच आहे. ४०० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत एडविन मोझेस १९७७ पासून १९८७ पर्यंत लागोपाठ १२२ वेळा जिंकला. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे उसेन बोल्टने १०० मीटरचे अंतर ९.५८ सेकंदांत कापले, त्याला आता एका तपाहून अधिक काळ लोटला, तरी त्या आकड्याला कोणाचा हात लागलेला नाही. हे आकडे मी जपमाळेतल्या मण्यांसारखे अधूनमधून बोटांखालून सोडतो आणि मला समाधान वाटते.

का वाटते, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. आपले नित्याचे जीवन हे विलक्षण अनिर्णित असते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट हवे, एवढ्याशा गोष्टीचा निकाल लागण्यासाठी तीन समित्या बसतात, अकरा सह्या होतात, आणि शेवटी जे येते ते कपाट नसून मांडणी असते. तपासलेल्या शंभर उत्तरपत्रिकांत दहा चांगल्या निघतात, दहा वाईट, आणि उरलेल्या ऐंशी अशा, की त्यांच्याविषयी काय म्हणावे ते परमेश्वरालाही सुचू नये. मुलाची नोकरी, मुलीचे स्थळ, घराचे कर्ज, स्वतःचा रक्तदाब, यांपैकी एकाही बाबतीत आपण जिंकलो की हरलो हे कोणी शिट्टी वाजवून सांगत नाही. अशा सहा दिवसांनंतर सातव्या दिवशी एक मनुष्य पुढे येतो आणि दहा सेकंदांच्या आत सारा प्रश्न निकालात काढतो! आपल्या वतीने कोणी तरी एकदा स्वच्छ, निर्विवाद जिंकले, या भावनेने सोमवारला तोंड देण्याचे बळ येते.

आमच्या घरी मात्र या भक्तिमार्गाला एक विरोधी पक्ष आहे. एका रविवारी पडद्यावर ती बर्लिनची जुनी शर्यत पुन्हा दाखवीत होते आणि मी सवयीप्रमाणे आकड्याचा उच्चार करून धन्य झालो होतो. गृहिणी शेजारी तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, “अहो, दुसरा कोण आला?”

“टायसन गे.”

“त्याला किती वेळ लागला?”

“९.७१.”

“म्हणजे फारच हळू पळाला का तो?”

हळू! त्या दिवसापर्यंत बोल्टखेरीज पृथ्वीतलावरील एकही मनुष्य इतक्या वेगाने धावलेला नव्हता. मी हे सांगितले. त्यावर “मग बिचाऱ्याचे नाव तुम्ही कधी घेत नाही ते!” एवढे बोलून त्यांनी शेंगांचे सूप उचलले आणि त्या आत गेल्या. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. आणि खरे सांगावयाचे तर हा निबंध त्या प्रश्नाचेच लांबलेले उत्तर आहे.

अद्वितीयाची कल्पना करताना आम्हां चंद्रपूरकरांच्या डोळ्यांपुढे एक चित्र आपोआप उभे राहते, ते वाघाचे. ताडोब्याचे अरण्य आमच्या दाराशी आहे. तेथे दुरून येणारे प्रवासी ‘वाघ दिसेल का?’ असे विचारीत नाहीत. ते नाव घेऊन अमुकच वाघ दिसेल का, असे विचारतात. काही वर्षांपूर्वी ‘वाघडोह’ या नावाचा एक नर तेथे सर्वांच्या तोंडी होता. विशाल देह, चेहऱ्यावर जुन्या झुंजीचा व्रण आणि मोहर्लीकडच्या रानावर निर्वेध सत्ता! पुढे वय झाले. तरुण नरांनी त्याला हळूहळू मागे रेटले, आणि हा एके काळचा सम्राट अरण्याच्या कडेकडेने, गावांच्या आसपास वावरू लागला. २०२२ च्या मे महिन्यात, सुमारे सतरा वर्षांचा असताना, चंद्रपूरजवळच्या रानात तो मृत आढळला. शहरात त्या दिवशी माणूस गेल्यासारखी हळहळ झाली.

मैदानावरील सम्राटाला वाघाची उपमा देण्याचा मोह कोणासही व्हावा. तीच एकलकोंडी ऐट, तीच हद्द आखून घेण्याची रीत, आणि उतरत्या काळी तेच एकाकीपण. परंतु उपमा थोडी ताणून पाहिली की उसवते. वाघाला दुसरा नर आपल्या हद्दीत नको असतो. प्रतिस्पर्धी निघून गेला की वाघाचा विजय पुरा होतो. खेळाडूचे काय होते? प्रतिस्पर्धी निघून गेला तर त्याचा विजय पुरा होतो का? याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात लिहिलेले आहे.

१९४८ च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्र व काठेवाड यांचा रणजी करंडकाचा सामना चालला होता. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राचा डाव सुरू झाला आणि तो काही केल्या संपेना. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ धावा काढून परतले. निंबाळकर खेळतच राहिले. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, निंबाळकरांच्या नाबाद ४४३. ब्रॅडमनने १९३० साली सिडनीस नाबाद ४५२ धावा केल्या होत्या आणि तो त्या वेळी जगातला उच्चांक होता. तो ओलांडावयास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. परंतु मधल्या सुटीत काठेवाडच्या कर्णधारांनी, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळण्यास नकार दिला. सामना सोडून देऊन त्यांचा संघ निघून गेला. निंबाळकर पुण्यातच होते, बॅट त्यांच्या हातात होती, अंगात बळ होते. पण समोर चेंडू टाकणारा कोणी नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलच्या मैदानावर खुद्द ब्रॅडमनला सरासरीची शंभरी गाठण्यासाठी चारच धावा हव्या होत्या आणि हॉलीजने त्याला शून्यावर बाद केले. जगाने त्या चार धावांविषयी आजवर किती शाई खर्च केली आहे! पण ब्रॅडमनला निदान एका जिवंत गोलंदाजाने बाद केले. निंबाळकरांना कोणीच बाद केले नाही. ते २०१२ साली वारले. त्यांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. प्रथम दर्जाच्या सामन्यांत भारतीयाने केलेली ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे, आणि तरीही तो आकडा उच्चारताना प्रत्येकाच्या मनात त्या न झालेल्या दहा धावाच उभ्या राहतात. वाघाने प्रतिस्पर्ध्याला पळवून लावले असते तर डरकाळी फोडली असती. खेळाडूची थोरवी ही मात्र अशी चमत्कारिक वस्तू आहे, की तिची किल्ली पराभूताच्या खिशात असते. हरणाऱ्याने हरेपर्यंत थांबले पाहिजे, तरच जिंकणारा जिंकतो.

ही गोष्ट एकदा मनात आली की निकालपत्रे निराळी दिसू लागतात. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके उडाले. तीन वर्षांनी पॅरिसला त्याने ८९.४५ मीटर, म्हणजे सुवर्णाच्या वेळेपेक्षा जवळजवळ दोन मीटर लांब भाला फेकला आणि त्याला रौप्यपदक मिळाले. कारण पाकिस्तानचा अर्शद नदीम ९२.९७ मीटर फेकून मोकळा झाला होता. सुवर्ण जिंकणारा तोही आपलाच मुलगा आहे, अशा अर्थाचे उद्गार नीरजच्या मातोश्रींनी काढले, ते पुष्कळांना आठवत असतील. हा केवळ आईचा भाबडेपणा, असे मला वाटत नाही. दुसऱ्याच्या मुलाने आपल्या मुलाला सुवर्णाच्या वेळेहून लांब फेक करावयास लावले, हा हिशेब त्या माउलीला आपल्याआधी कळला होता.

परंतु प्रतिस्पर्ध्याला काही झाले तरी दुसरे पदक मिळते, त्याचे नाव छापले जाते. त्याहूनही मागे उभा असलेला एक माणूस आहे. त्याच्या शोधात मी गेलो, तो थेट १९४३ सालात.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न क्रीडांगणावर पंचरंगी सामन्यांतला शेवटचा सामना हिंदू आणि ‘इतर’ यांच्यात झाला. धर्म पाहून संघ पाडणारे ते सामने १९४६ साली बंद पडले, हे ठीकच झाले. पण तो एक सामना विसरता येणार नाही. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘इतरां’कडून खेळत. हिंदूंनी विजय मर्चंटांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. इतरांचा पहिला डाव १३३ धावांत कोसळला. त्यांतल्या ५९ हजाऱ्यांच्या. लागलीच दुसरा डाव सुरू करावा लागला. त्यात इतरांच्या झाल्या ३८७ धावा, आणि हजाऱ्यांच्या एकट्याच्या ३०९! उरलेले दहा गडी आणि अवांतर मिळून ७८. संघाच्या धावांत एकाचा वाटा इतका मोठा, हे दृश्य क्रिकेटमध्ये क्वचितच पाहावयास मिळते. अद्वितीयाच्या भक्ताने यापुढे मस्तक नमवावे आणि स्वस्थ बसावे.

मीही वर्षानुवर्षे त्या ३०९ ला मस्तक नमवीत आलो आहे. पण गृहिणींच्या प्रश्नानंतर त्या धावफलकाकडे पाहिले आणि नजर दुसऱ्याच एका आकड्यावर थांबली. सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागी झाली होती. हजाऱ्यांच्या जोडीला होता त्यांचाच धाकटा भाऊ विवेक, आणि त्या ३०० धावांच्या भागीत विवेक हजाऱ्यांचा वाटा २१ धावांचा.

वाचकांनी क्षणभर डोळे मिटून हे चित्र पाहावे. एका टोकाला एक मनुष्य इतिहास घडवीत आहे. प्रेक्षकांच्या टाळ्या, वार्ताहरांच्या लेखण्या, क्षेत्ररक्षकांच्या चिंता, सारे त्याच्याकडे लागलेले आहे. दुसऱ्या टोकाला त्याचा भाऊ उभा आहे. तासामागून तास जात आहेत. वाट्याला येईल तो चेंडू अडवावा, एखादी धाव मिळाली तर ती घेऊन थोरल्याला पुन्हा खेळावयास मोकळे करावे, आणि काहीही झाले तरी बाद होऊ नये, एवढेच त्याचे काम. तो बाद झाला असता तर पाठोपाठ उरलेले चौघेही गेले असते आणि त्या ३०९ पैकी किती झाल्या असत्या, हे सांगवत नाही. म्हणजे विक्रम विजय हजाऱ्यांचा खरा. पण तो विक्रम ज्या जमिनीवर उभा होता, ती जमीन विवेक हजाऱ्यांची होती. एवढे होऊनही इतरांचा संघ एक डाव व ६१ धावांनी हरला, ही गोष्ट वेगळी.

आपल्या मराठीत खेळाडूला गडी म्हणतात आणि शेतावर राबणाऱ्यालाही गडीच म्हणतात. ‘पाच गडी बाद झाले’ असे वर्तमानपत्र लिहिते. ‘औंदा गडी मिळत नाही’ असे शेतकरी म्हणतो. इंग्रजी भाषेची इतकी वर्षे चाकरी करूनही तिच्यात मला असा शब्द सापडलेला नाही. खेळणारा आणि राबणारा एकच, हे आमच्या भाषेने कधीच ओळखून ठेवले आहे. दुसऱ्या टोकाचा गडी या दोन्ही अर्थांनी गडी असतो.

आणि काही वेळा तर तो मैदानातही नसतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविले. वैयक्तिक खेळात स्वतंत्र भारताला लाभलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तसे दुसरे मिळण्यास पुढे चव्वेचाळीस वर्षे लागली. पण हेलसिंकीला जावयाचे तर पैसे हवेत. लोकांनी वर्गणी केली, ती पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही हकीकत वाचतो तेव्हा एक प्राध्यापक या नात्याने माझी छाती फुगते आणि लगेच मी आपल्या घराकडे आणि गृहिणींकडे पाहतो. खाशाबा पदक घेऊन परतले, तेव्हा त्यांच्या गावकऱ्यांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पुढे कुस्त्या मारून मिळालेल्या पैशांतून खाशाबांनी प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदकाच्या गोष्टीपेक्षा हे घर सोडविण्याची गोष्ट मला अधिक प्रिय आहे. आपल्या पलीकडच्या टोकाला कोण उभे होते, याचा त्या मल्लाला विसर पडला नव्हता.

त्या बैलगाड्यांवरून आमच्या झाडीपट्टीतला शंकरपट आठवतो. धान घरात आले की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या मुलखात गावोगाव पट भरत आणि पट पाहण्यास आलेल्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी रात्रभर नाटके होत. वडशाच्या नाटकमंडळ्या त्यावरच पोसल्या. २०१४ साली न्यायालयाच्या निर्णयाने पट बंद झाले, २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. बैलांना होणाऱ्या जाचाविषयी जे आक्षेप घेतले गेले ते खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. येथे सांगावयाचे ते एवढेच, की पटात एका बैलाला कीर्ती मिळाल्याचे मी कधी ऐकले नाही. लोक बोलतात ते जोडीविषयी. एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा जरा सुस्त असला, तर जू तिरपे होते आणि गाडी धावेबाहेर जाते. म्हणून धुरकरी चपळ बैल मिळाला की आनंदून जात नाही. तो त्याच्या तोडीचा दुसरा शोधीत गावोगाव हिंडतो.

हा दुसरा माझ्या आयुष्यात कोण, ते आता सांगतो. सिंदेवाहीच्या बाजूला एका लहानशा गावात आमची पाच एकर धानाची शेती आहे. गावाला मालगुजारी तलाव आहे आणि आमच्या बांधाला लागून एक बोडी. मी बारा वर्षांचा असताना वडील वारले. थोरला भाऊ, दादा, तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता. त्याने शाळा सोडली आणि नांगर धरला. त्याबद्दल घरात कोणी बोलले नाही. बोलण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेही नसावे. पुढे मी नागपूरला शिकावयास गेलो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनिऑर्डर येई. ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षीही येई, फक्त दोन-चार दिवस उशिरा. मनिऑर्डरीच्या कागदावर खाली दोन ओळी लिहिण्यास जागा असे; दादाने ती जागा कधी वापरली नाही.

दोन वर्षांपूर्वी गावाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मंडप, ध्वनिक्षेपक, सारे यथासांग होते. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना सांगितले, की हा या गावाचा पहिला प्राध्यापक. बालपणीच पितृछत्र हरपले, तरी हा एकटा, केवळ स्वतःच्या बळावर येथवर आला. मी मंडपात दादाला शोधले. तो मागल्या खांबाजवळ उभा राहून चहाचे पेले मोजीत होता. अध्यक्षांच्या त्या वाक्यावर सर्वांनी टाळ्या वाजविल्या, तेव्हा पेले खाली ठेवून त्यानेही वाजविल्या, आणि मनापासून वाजविल्या. उत्तरादाखल बोलताना मी शेक्सपिअर बाजूला ठेवला आणि मनिऑर्डरींचा हिशेब सांगितला. किती वर्षे, किती महिने, किती रुपये, आणि त्यांतले दुष्काळाचे किती. मंडप शांत झाला. घरी आल्यावर दादा माझ्यावर रागावला. “घरच्या गोष्टी मंडपात कायले सांगाच्या गा?” असे म्हणून तो गोठ्यात निघून गेला.

दादा क्रिकेट फारसे पाहत नाही. तरी २०२५ च्या मार्च महिन्यातील पहिल्या रविवारी मी त्याला नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रीडांगणावर नेला. विदर्भ आणि केरळ यांचा रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता आणि तो शेवटचा दिवस होता. त्या मोसमात आमच्या विदर्भालाही एक अद्वितीय लाभला होता: कर्नाटकातून आलेला करुण नायर. त्याने त्याच हिवाळ्यात आणखी एका स्पर्धेत ७७९ धावा काढल्या होत्या आणि साऱ्या स्पर्धेत तो दोनदाच बाद झाला होता; सरासरी ३८९.५०! ती स्पर्धा विजय हजाऱ्यांच्याच नावाची, आणि योगायोग असा, की तिचाही अंतिम सामना अद्वितीयाचा संघ हरला होता. रणजीच्या या अंतिम सामन्यात नायरने पहिल्या डावात ८६ धावा केल्या, त्या दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या पोराच्या जोडीने. विदर्भ ३ बाद २४ असा बुडत असताना दोघांनी २१५ धावांची भागी केली. दुसऱ्या डावात नायरने १३५ धावा काढल्या. पण त्या रविवारी तो बाद होऊन परतला होता आणि मैदानात जे उरले होते ते तळाचे गडी होते.

दादाला मी नियम समजावून दिला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९ धावा, केरळच्या ३४२. सामना अनिर्णित राहिला तर या सदतीस धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा.

“म्हंजे आज नुसतं उभं रायचं?” दादाने विचारले.

“नुसतं उभं राहायचं.”

“हे त आपल्याले जमते,” असे म्हणून त्याने डोक्यावरचा दुपट्टा नीट केला आणि तो सावरून बसला.

दुपार संथ होती. धावा हळूहळू होत होत्या आणि त्यांची कोणाला घाई नव्हती. अशा वेळी मी त्याला १९४३ ची ती गोष्ट सांगितली. एका भावाच्या ३०९, दुसऱ्याच्या २१. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. नजर मैदानावर होती, आणि मी पाहिले, की तो खेळणाऱ्याकडे पाहत नव्हता. पलीकडच्या टोकाला बॅट टेकवून उभ्या असलेल्याकडे पाहत होता.

“मंग, जितले का ते?” गोष्ट संपल्यावर तो म्हणाला.

“नाही. डावाने हरले.”

एक षटक गेले, दुसरेही गेले. मला वाटले, तो विषय त्याच्या मनातून गेला. मग मैदानाकडे पाहतच तो म्हणाला, “हरले त हरले. पन भावाले एकटं नाई सोडलं त्यानं.”

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण मंडपात बोलून त्याचा राग एकदा ओढवून घेतला होता, तेवढे पुरे होते.

विदर्भाच्या ९ बाद ३७५ धावा झाल्या आणि खेळ थांबला. करंडक तिसऱ्यांदा आमच्याकडे आला. पोरे नाचू लागली, छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी झाली. दादाला मात्र सिंदेवाहीची शेवटची गाडी चुकण्याची धास्ती लागली होती. घरी म्हैस व्यायला झाली होती. निघताना त्याने प्रवेशाचा कागद चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

सोमवारी सकाळी वर्तमानपत्र आले. पहिल्या पानावर करंडकाचे मोठे चित्र होते. मी खेळाचे पान उघडले आणि धावफलक वाचावयास घेतला, तो खालच्या नावांपासून.